सदरच्या दुकानातलं अंडं

आमचे घरमालक कुठल्याही पदार्थाला त्याच्या नावाने हाक मारत नसत. भाकरी पुढे आली की म्हणत, "पिष्ट." तुपाची वाटी सरकवली की, "स्निग्ध." वरणाला मात्र ते "प्रथिन" म्हणत, आणि म्हणताना आवाज असा मऊ होई की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. दुधी भोपळ्याला तर ते भाजीच मानत नसत. एकदा प्रतापनगरच्या वळणावर हातगाडीवाल्या बाईसमोर उभं राहून त्यांनी एक लांबलचक दुधी तलवारीसारखा उगारला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, हे पाणी आहे! सालीत बांधलेलं पाणी! तुम्ही पाणी तोलून विकून राहिल्या!"

बाई जागची हलली नाही. "मंग नळाखाली बसा ना जी," ती म्हणाली. "तुमाले भाजीची काय गरज?"

काकांनी दुधी खाली ठेवला, उसासा टाकला आणि घराकडे चालू लागले. मी त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. त्यांच्या घराच्या माडीवर एका खोलीत मी भाड्याने राहत होतो. सत्तरीचं दशक अर्धं उलटलं होतं. प्रतापनगरात तेव्हा घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते, आणि पावसाळ्यात ती काळी माती सायकलच्या चाकांना अशी धरायची की माणूस सायकलवर बसण्याऐवजी सायकल माणसावर बसायची. तशी मी ती कितीदा तरी खांद्यावरून घरी आणली आहे.

पण मी काकांच्या उसाशाबद्दल सांगत होतो. इतका दमलेला उसासा मी दुसऱ्या कुठल्या माणसाकडून ऐकला नाही. काका सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. दुकानादुकानांतून इन्स्पेक्टरांनी गोळा केलेलं दूध, तूप, हळद, तिखट, मिठाई त्यांच्या टेबलावर यायची आणि त्यात भेसळ आहे का ते काका बघायचे. म्हणजे दिवसभर लोकांचं अन्न जाळायचं, आम्लात उकळायचं, राहिलेली राख तोलायची, आणि मग संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसायचं. पाटावर बसताना ते असे बसत, जणू ऑफिस सुटलंच नाही, फक्त खुर्ची बदलली.

"काका, भाजी चांगली झाली ना?" मी विचारायचो. मला ते विचारायला फार आवडायचं.

"जिभेला विचारून राहिला का तू?" ते म्हणत. "जिभेचं ऐकायचं नसतं. जीभ लाच खाते. जरा साखर टाकली की कशावरही सही करते."

काकू समोर बसून वाढत. त्या काहीही बोलत नसत. भाजी त्यांनी केलेली असायची.

काकांच्या कोटाच्या खिशात आयोडीनची एक लहानशी बाटली असे. पिष्ट असलेल्या कशावरही आयोडीनचा थेंब टाकला की ते निळंजांभळं होतं, हे शाळेत सगळेच शिकतात आणि विसरतात. काका विसरले नाहीत. काकूंच्या भावाच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, काकांनी बासुंदीच्या वाटीत एक थेंब सोडला. बासुंदी निळी झाली. काका उठून उभे राहिले आणि वऱ्हाडी मंडळींना म्हणाले, "आटवलेलं दूध नाही हे. आरारूट लावलं आहे. घाबरू नका, विषारी नाही, पण फसवणूक आहे." मुलीचा बाप वाढप्याच्या हातातली पळी धरून उभा होता, तो तसाच राहिला. मुलाकडचे लोक एकेक करून आपापल्या वाटीत डोकावायला लागले.

ह्यावरही काकू काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी कोटाच्या खिशातली बाटली नाहीशी झाली. काकांनी ऑफिसातून नवी आणली. तीही गेली. तिसरी गेल्यावर काकांना उमगलं आणि त्यांनी घरात आयोडीन आणणं बंद केलं. त्या घरात 'नाही' हा शब्द असा उच्चारला जायचा. मी माडीवरून हे सगळं बघत होतो आणि मला वाटायचं, काय मजेशीर संसार आहे. मी पंचविशीतला होतो. मजेशीर वाटायचंच.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, काकूंचे डोळे खाली ओढून पाहिले, नखं पाहिली आणि काकांना म्हणाले, "गाठ काढावी लागेल. पण अशा अंगावर मी सुरी चालवणार नाही. रक्त नाही, ताकद नाही. आधी ह्यांच्या अंगात काहीतरी भरा. प्रथिन द्या. अंडी द्या. आणि फार वेळ लावू नका, गाठ थांबणार नाही."

प्रथिन! सगळ्या नागपुरात हा शब्द ज्याला सांगायला नको होता, नेमका त्यालाच डॉक्टरांनी सांगितला. काका घरी आले ते जवळजवळ धावतच.

पण अंड्याची अडचण होती. काकूंचं माहेर महानुभावांचं, वर्धेकडच्या एका खेड्यातलं. अंडं त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. काका स्वतः रोज एक खायचे, औषध म्हणून. पण ते उकडायचे परसात, सीताफळाच्या झाडाखाली, प्रयोगशाळेतून बाद झालेल्या काचेच्या पात्रात, स्पिरिटच्या दिव्यावर. त्यांची अंड्याची बशी वेगळी, ती झाडाच्या बेचक्यात ठेवलेली असायची. भांडी घासणारी बाईसुद्धा तिला हात लावत नसे. ह्या घरात आता काकूंनी अंडं खायचं होतं.

"माया चुलीवर नाही," काकू एवढंच म्हणाल्या. काकांनी त्याचा अर्थ असा घेतला, की तिची चूल सोडून कुठेही शिजलेलं चालेल.

म्हणून ते माझ्या ऑफिसच्या वेळेला सदर ह्या बाजारपेठेच्या भागात आले. माझं ऑफिस सदरमध्येच होतं. जवळच एका म्हाताऱ्या ख्रिश्चन बाईंचं दुकान होतं, रेल्वेतल्या गार्डची विधवा. सगळे त्यांना आंटी म्हणत. काचेच्या कपाटात कटलेट, पॅटिस, केक, आणि पांढऱ्या एनॅमलच्या तबकात एग सॅलड. उकडलेल्या अंड्याचे तुकडे, कांदा, सिमला मिरची आणि सगळ्याला धरून ठेवणारी ती दाट पांढरी चटणी. कॉन्व्हेंटातल्या शिक्षिका ते पावात घालून न्यायच्या. काकांना ते पसंत पडलं, कारण त्यात अंड्याचं रूप दिसत नव्हतं. "डोळ्यांना कळणार नाही," ते म्हणाले, "आणि जिभेला तर मी मोजतच नाही."

तरी पहिला नमुना प्रयोगशाळेत गेलाच. तिसऱ्या दिवशी काका निकाल आणि मला घेऊन दुकानात हजर.

"बाई, ह्या तुमच्या सॅलडमध्ये अंड्यापेक्षा तेल जास्त आहे. खाणाऱ्याला वाटतं आपण अंडं खाल्लं. खरं तर तो तेल पितो आणि अंडं फक्त सोबतीला येतं."

"तो साहब, मत खाओ ना," आंटी म्हणाल्या. "मैं कौन सा जबरदस्ती खिलाती?"

"खायचं आहे म्हणूनच सांगून राहिलो. माझ्यासाठी वेगळी बाटली भरत जा. अंडी दुप्पट, चटणी अर्धी."

आंटींनी माझ्याकडे बघून भुवया उंच केल्या, पण कबूल झाल्या. रोज संध्याकाळी ती बाटली मी घरी न्यायची असं ठरलं. उन्हाळा तोंडावर होता. नागपूरच्या उन्हात अंड्याची चटणी सदरहून प्रतापनगरपर्यंत टिकणं अशक्य. म्हणून काकांनी एक पत्र्याचा डबा आतून वाळ्याने मढवला, त्यात बर्फ, बर्फात बाटली, आणि डबा माझ्या सायकलच्या कॅरियरवर. रस्ताभर मागे पाणी ठिबकायचं आणि मला कूलरचा वास यायचा. शंकरनगरच्या चौकात एकजण म्हणाला, "काय भाऊ, कूलर फिराले नेऊन राहिले का?" मी त्याला राजासारखा हात केला.

पहिल्या संध्याकाळी काकूंना ओसरीवर खुर्ची देण्यात आली. काचेची नवी बशी, नवा चमचा. काका समोर उभे, हात मागे बांधून. मी जिन्यावर. काकूंनी एक चमचा तोंडात घातला, गिळला. दुसरा गिळला. बशी संपवली.

"बारा ग्रॅम!" काका म्हणाले. लग्नात मुलीला निरोप देताना बापाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता, अर्धा आनंद आणि अर्धी दमणूक.

थोड्या वेळाने मोरीतून काकूंच्या उलटीचा आवाज आला. तोंडात पदर कोंबून केलेला. काका तेव्हा बर्फाचा डबा धूत होते, नळ जोरात सोडून.

चार दिवस असंच झालं. पाचव्या दिवशी सकाळी मी सायकल बाहेर काढत होतो, तेव्हा काकू फाटकाशी आल्या.

"थांब गा, बाबू. त्या दुकानवालीले सांगशील का माया एक निरोप?"

"सांगतो की."

"म्हणाव, मायावाल्या बाटलीत अंडं नको टाकू. दुसरं काही टाक. दिसाले तसंच दिसू दे."

"काकू, पण डॉक्टर..."

"बाबू, म्या लय कोशिश केली. नाही जात रे पोटात. जाते अन् परत येते. मंग काय फायदा?"

"मग काकांना सांगा ना."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विमान चालवा म्हणालो होतो. "त्याईले?" त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी तो निरोप अगदी हावभावांसकट आंटींना पोचवला. आंटी हसून हसून काउंटरला टेकल्या. "अंडे का सॅलड, बिना अंडे का! तुमाले मालूम है बाबा, वो सफेद चटणी में भी अंडा होता है?" मग त्यांनी हसू पुसलं आणि विचारलं, "बाई बीमार आहे ना?" मी हो म्हणालो. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी त्या बाटलीत जी कलाकुसर केली, तिला तोड नाही. बटाट्यात किंचित हळद कालवून पिवळा बलक. सायीत मोहरी आणि व्हिनेगर घोटून पांढरी चटणी. आणि अंड्याच्या पांढऱ्या भागासाठी, आता धीराने वाचा, उकडलेल्या दुधीचे तुकडे.

म्हणजे रोज संध्याकाळी, जगात दुधीचा ज्याला सर्वांत जास्त तिटकारा, तो माणूस बायकोला दुधी खाताना बघत उभा राहायचा आणि म्हणायचा, "बारा ग्रॅम!"

मला जिन्यावर बसून हसू दाबावं लागे. पहिले दोन आठवडे.

मग ते हसू आपोआप गेलं. काकूंची उलटी थांबली होती, पण अंगात काही भरत नव्हतं. त्या जिन्याखालून पाण्याची बादली उचलायच्या, ती आता भिंतीशी टेकून, मध्ये थांबून उचलायला लागल्या. पुढे बादली मी उचलायला लागलो. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि मान हलवली. अजून नाही. गाठ मात्र वाढलेली.

काका ओसरीवर बसून राहत. "गणित बरोबर आहे," ते मला म्हणाले. "मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. इतकं आत गेलं तर इतकं अंगी लागायला पाहिजे. गणित बरोबर आहे रे पोट्ट्या. मग ही काहून सुकून राहिली?" पहिल्यांदाच त्यांनी बायकोबद्दल बोलताना ग्रॅम हा शब्द वापरला नाही.

मी काकूंकडे गेलो. म्हटलं, आता सांगा, नाहीतर मी सांगतो.

"तू नको सांगू," त्या म्हणाल्या. "इतके वर्षं ताटात पडलं ते खाल्लं मी, अन् त्यात काय हाये ते ऐकलं. आता एवढ्यासाठी त्याईचं मन मोडू का? बघ ना, कसे उभे राहतात समोर. लेकरू पहिल्यांदा जेवून राहिलं असं वाटते त्याईले." त्यांना मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळीही मी बाटली आणली.

पण काका केमिस्ट होते. गणित बरोबर आणि उत्तर चूक असेल तर मालावर संशय घ्यायचा, हे त्यांच्या हाडात होतं. एका संध्याकाळी त्यांनी बाटलीच्या तळाशी राहिलेलं थोडं सॅलड कागदात गुंडाळून नेलं. आयोडीन घरात आणायची बंदी होती, ऑफिसात नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. चेहरा पांढरा.

"निळं झालं," ते म्हणाले. "शाईसारखं निळं. बटाटा आहे, बटाटा! त्या बाईने माझ्या बायकोला बटाटा चारला. चल माझ्यासोबत. आज इन्स्पेक्टरला सांगून तिचं दुकान नाही बंद केलं तर बघ."

ते पुढे आणि मी मागे. वाटेत मी तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा मला फाटकाशी उभ्या असलेल्या काकू दिसल्या.

आंटी कपाटाची काच पुसत होत्या. काकांनी खिशातून तो कागदाचा निळा गोळा काढून काउंटरवर ठेवला आणि आपण कोण, कुठल्या प्रयोगशाळेत, हे सगळं घडाघडा सांगितलं. "ही चोरी आहे, बाई. आजारी माणसाच्या तोंडातला घास आहे हा."

आंटींनी निळ्या गोळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी जमिनीकडे पाहिलं. आत्ता ही म्हातारी खरं सांगणार, आणि माझं जे व्हायचं ते होणार.

"हां साहब," आंटी म्हणाल्या. "चोरी की. आलू डाला. बोलवा इन्स्पेक्टरला."

काका बोलायचे थांबले. तोंड उघडंच. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं. दुधात पाणी सापडलं तर गवळी म्हणायचा, गायच पाणी फार पिते. हळदीत पिवळी माती सापडली तर व्यापारी म्हणायचा, पोतं बदललं. रंगेहाथ पकडलेल्याने सरळ 'हो' म्हटलं, हा नमुना त्यांच्या टेबलावर कधी आलाच नव्हता. त्यांनी डोळे बारीक करून आंटींकडे पाहिलं. भेसळ ओळखणारा माणूस तो. ह्या 'हो'मध्ये काहीतरी मिसळलेलं आहे हे त्यांना कळलं.

मग त्यांची नजर काचेआडच्या एनॅमलच्या तबकाकडे गेली. त्यातल्या प्रत्येक पिवळ्या तुकड्याभोवती बारीक हिरवट कड होती. अंडं जास्त उकडलं की बलकाला तशी कड येते. बटाट्याला येत नाही.

"हे अंडं आहे," काका म्हणाले.

"हां."

"हे सगळ्यांसाठी?"

"सबके लिये."

"आणि बटाटा फक्त माझ्या बाटलीत?"

आंटी पुन्हा काच पुसायला लागल्या. "मला काहून विचारता साहेब?" त्या म्हणाल्या. "आपके घर में जाके पूछो ना."

काकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ते गिऱ्हाइकांच्या लाकडी स्टुलावर बसले. आंटींनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला विसरले. रस्त्यावरून रिक्षेवाले जात होते, दुपारचं ऊन दुकानाच्या फरशीपर्यंत आलं होतं. मग ते म्हणाले, "ती मला 'नाही' म्हणू शकली नाही. एका परक्या बाईला म्हणाली."

ऑफिसला परत न जाता आम्ही दोघं घरी आलो. मी सायकल हातात धरून, काका बाजूने पायी. त्या दिवशी कॅरियरवर डबा नव्हता.

काकू ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. काका त्यांच्यासमोर उभे राहिले, हात मागे न बांधता. मी जिन्याच्या पायरीवर, खोलीत जावं की नाही ह्या विचारात.

"तुले काय खावंसं वाटते?" काकांनी विचारलं.

काकूंची बोटं तांदळात थांबली. "काहून?"

"असंच."

"असंच कसं? डॉक्टर भेटले का तुमाले?"

"नाही."

"मले खरं सांगा." त्यांनी सूप बाजूला सारलं. "काय म्हणाले ते? होत नाही म्हणाले का आता काही?"

"अगं, डॉक्टरचा काही संबंध नाही."

"मंग काहून विचारता? जलमात कधी विचारलं नाही, आज विचारून राहिले. जाणाऱ्या माणसालेच विचारतात असं!"

काकांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. एवढा अगतिक चेहरा मी बासुंदीच्या पंगतीतल्या मुलीच्या बापाचाही कल्पिला नव्हता. मग ते खाली बसले, तांदळाच्या सुपाशेजारी, थेट जमिनीवर. "मी सदरला गेलो होतो," ते म्हणाले. "तुझ्या बाटलीत बटाटा असते, मले समजलं."

पहिला प्रश्न काकूंनी वेगळाच विचारला.

"त्या बाईले काही बोलले का तुम्ही?"

"बोललो."

"काय बोलले?"

"चोर म्हटलं."

"अन् ती?"

"ती हो म्हणाली."

काकू उठल्या. भिंतीला हात न लावता उठल्या, हे मी पाहिलं. "माया पायी तिनं चोर म्हणून घेतलं? अन् तुम्ही ऐकून आले? उद्या जा अन् हात जोडा तिले! आधी ते करा, मंग मले विचारा काय खाते ते!"

अख्ख्या प्रतापनगरला ऐकू गेलं असेल. शेजारच्या घराचं दार उघडलं आणि हळूच लागलं.

"जातो," काका म्हणाले. मग, "पण तू मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

दुसरा कुठलाही नवरा ह्यावर 'म्हणजे काय, ऐकलंच असतं' म्हणाला असता. काकांनी मात्र प्रश्न तपासला. सगळ्या बाजूंनी, खरंखुरं तपासला. "नाही," ते म्हणाले. "ऐकलं नसतं."

काकू परत खाली बसल्या. आता राग ओसरला होता, दम लागला होता. दोघंही इतकी दमलेली दिसत होती, की कोण कोणाला उठवणार हा प्रश्न होता. "डाळीचे गोळे," काकू हळूच म्हणाल्या. "भातात शिजवलेले. वरून हिंगाचं तेल. माय करायची. ते खाईन मी."

काकांचं तोंड उघडलं. डाळ! त्यांच्या डोळ्यांत डाळीचे सगळे आकडे एकदम हलले. काकूंनी बोट वर केलं.

"त्यात काय हाये ते सांगू नका."

काकांनी तोंड मिटलं. त्या संध्याकाळी मीही खाली जेवलो. काकू पाटावर बसून सांगत होत्या, काका चुलीशी बसून करत होते. गोळे फुटले, भाताची पेज झाली, हिंगाचं तेल करपलं. काकूंनी दोनदा मागून घेतलं. काका त्यांच्या ताटाकडे बघत बसले होते आणि त्यांच्या गळ्यात शब्द वर येऊन खाली जाताना मला स्पष्ट दिसत होते.

पुढचं सांगून टाकतो, कारण तुमचा जीव मला टांगणीला लावायचा नाही. काकू वाचल्या. डाळ, दाणे, तीळ, ताक, काकूंच्या मनात येईल ते आणि येईल तेव्हा. बादली त्यांनी माझ्या हातातून परत घेतली आणि काही आठवड्यांनी डॉक्टर सुरी चालवायला तयार झाले. आंटींची माफी मागायला काका गेले, तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो, हा प्रसंग चुकवणं मला शक्यच नव्हतं. काकांनी खरंच हात जोडले. आंटी म्हणाल्या, "छोडो साहब. वो बिना अंडे वाला मारवाडी बायका मागून मागून नेऊन राहिल्या. उसमें क्या क्या है, जरा देख दो ना टेस्ट करके." दुधीचं मी काकांना वाटेतच सांगून टाकलं होतं. काका म्हणाले, "दुधी आहे, बाई. पाणी." पण ते तपासायला त्यांनी नेलं नाही.

माणूस सगळा बदलला असं मी म्हणणार नाही. भाजीवालीशी भांडण चालूच राहिलं. पण ज्या दिवशी काकूंना दवाखान्यात भरती केलं, तेव्हा मी तिथे होतो. पिशव्या माझ्या हातात होत्या. वॉर्डातल्या नर्सबाई काकूंचा पलंग ठरवून काकांकडे वळल्या, कारण अशा गोष्टी सगळे नवऱ्यालाच विचारतात.

"पेशंटला जेवण कुठलं लिहू? व्हेज, नॉनव्हेज? काही पथ्य?"

ह्या प्रश्नासाठी काकांचा जन्म होता. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं, ग्रॅमांसकट.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "ती बसली आहे ना समोर."

नर्सबाई काकूंकडे वळल्या. काकूंनी आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पलंगाच्या चादरीकडे. त्यांना सवय नव्हती. इतका वेळ लागला, की नर्सबाईंनी पुन्हा विचारलं. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले होते, सगळ्यांकडे पाठ करून, आणि एकदाही मागे वळले नाहीत.

"लिहा," शेवटी काकू म्हणाल्या. "अंडं नाही."